भलत्याच बाह्या

बाबांनी दोन्ही हात पुढे केले, पण पंजे काही बाहेर आलेच नाहीत.

उजवी बाही बोटांच्याही पुढे चांगली लोंबत होती. डावीतून नखांची टोकं तेवढी डोकावत होती. बाबांनी हात झटकून पाहिले, वर करून पाहिले, बाह्या मागे सारून पाहिल्या. त्या पुन्हा घसरून आपल्या जागी. आत्याला हसू आवरेना. आईच्या हातातला चहाचा ट्रे हलला. आजोबांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. आणि खिडकीशी बसलेल्या गुंडीने घाईने तोंड रस्त्याकडे वळवलं.

सकाळपासून ती त्या बाह्या शोधत होती. वाळवणाच्या दांडीखाली, लोकरीच्या टोपलीत, स्वतःच्या उशीच्या अभ्र्यात. आता त्या सापडल्या होत्या, पण बाबांच्या अंगात.

हिवाळ्याच्या सुट्टीचा पहिला दिवस म्हणजे या घरात जोडणीचा दिवस. वर्षभर ही माणसं गिऱ्हाइकांसाठी विणत. खालच्या कारखान्यात चार यंत्रं सकाळपासून घरघरत असत. पण घरच्या माणसाचा स्वेटर यंत्रावर करायचा नाही आणि एकट्याने तर मुळीच करायचा नाही, असा आजोबांचा दंडक होता. एकाने पाठ विणायची, दुसऱ्याने पुढचा भाग, तिसऱ्याने बाह्या. कुणी कुणाचं काय विणायचं ते आजोबा ठरवत आणि लोकरीचा रंगही तेच आणत, सगळ्यांना एकच. मापाला टेप लावायची नाही. "घरच्या माणसाला टेप लावतोस? रोज बघतोस ना त्याला?" असं म्हणून त्यांनी एकदा बाबांच्या हातातून टेप काढून घेतली होती, आणि तेव्हा बाबा चांगले चाळिशीचे होते. सुट्टी लागली की दुकानाला कुलूप लागे, परगावी शिवणकाम करणारी आत्या सकाळच्या बसने येई, आणि वरच्या मोठ्या खोलीत वर्षाचे सगळे तुकडे जोडले जात. आत्याची जोडणी अशी, की शिवण कुठे सुरू झाली आणि कुठे संपली ते नंतर तिचं तिलाही सांगता येत नसे.

यंदा बाबांच्या बाह्या गुंडीकडे होत्या. गुंडी म्हणजे घरातली एकुलती एक मुलगी, वय एकोणीस. लहानपणी दुकानातल्या बरणीतली गुंडी गिळून तिने तीन दिवस घराला घोर लावला होता, तेव्हापासून हे नाव. बाह्या तिने विणल्या होत्या, दोन महिने मन लावून विणल्या होत्या. फक्त त्या बाबांच्या नव्हत्या. काल संध्याकाळी धुऊन तिने त्या दांडीवर टाकल्या, आणि सकाळी आत्या यायच्या आत उचलायच्या असं ठरवलं. पण आत्याची बस पाऊण तास आधी पोचली. दांडीवर राखाडी बाह्या, शेजारी बाबांच्या स्वेटरचं राखाडी धड, आणि बाह्या गुंडीकडे आहेत हे घरात सगळ्यांना ठाऊक. आत्याने चहासुद्धा न घेता सुई ओवली.

"दादा, तुझे हात आखडले की काय रे?" आत्याने विचारलं.

"माझे हात आहेत तेवढेच आहेत," बाबा म्हणाले. "गुंडे, रोज बघतेस ना मला?"

"जरा सैल झाल्यात," गुंडी म्हणाली.

"सैल? अगं, यात माझे पाय जातील."

"दुमडून घाला आज," आई म्हणाली. "चहा गार होतोय."

प्रकरण तिथे मिटलंही असतं. आत्याने संध्याकाळी बाह्या काढून उसवल्या असत्या, गुंडीने नव्या विणल्या असत्या आणि वर्षभर तिची थट्टा झाली असती. पण आजोबांनी बोटाने बाबांना जवळ बोलावलं.

"इकडे ये. हात लांब कर."

बाबा पन्नाशीचे, पण लगेच जाऊन उभे राहिले. आजोबांनी उजव्या बाहीवर वीत टाकली, मग डाव्या. टाक्यांवरून अंगठा फिरवला. त्यांची बोटं आता कापत असत, पण लोकरीवर ठेवली की थांबत.

"उजवीपेक्षा डावी दोन बोटं आखूड," ते म्हणाले. "पण टाका बघ. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा, कुठे घट्ट नाही, कुठे ढिला नाही. मनगटापाशी मुद्दाम कमी केलेत. ही चूक नाही. ही कुणाच्या तरी मापाने विणलेली बाही आहे."

"अण्णा, एक हात आखूड असलेला माणूस कोण असतो?" आत्या हसत म्हणाली, आणि वाक्य संपायच्या आत तिचं हसू थांबलं.

कारण तसा माणूस त्या सगळ्यांच्या ओळखीत एकच होता. बारा वर्षांपूर्वी, नऊ वर्षांचा असताना, तो याच घराच्या खालच्या कारखान्यात माळ्याच्या शिडीवरून पडला होता. बाबांनीच त्याला उचलून दवाखान्यात नेलं होतं. हाड जुळलं, पण हात दोन बोटं मागे राहिला. रंगारीकाकांचा मुलगा. उंची आणि हात दोन्ही भसाभस वाढले म्हणून सगळे त्याला लंबू म्हणत.

आणि रंगारीकाकांचं नाव सहा वर्षं या घरात कुणी घेतलं नव्हतं. पूर्वी दर जोडणीला ते कुटुंब इथेच असे. लोकर काकांच्या हौदात रंगे आणि बाबांच्या यंत्रांवर विणली जाई, वीस वर्षं तसंच चाललेलं. मग एका शाळेचे दोनशे निळे स्वेटर धुण्यात डागाळले. बाबांनी भर रस्त्यात काकांना सुनावलं, "तुझा रंग कच्चा!" काका एक शब्द न बोलता निघून गेले. तेव्हापासून बाबा त्या गल्लीतून जायचं टाळत, मग भले दुप्पट चालावं लागो.

आता खोलीतल्या चार जोड्या डोळ्यांनी गुंडीकडे पाहिलं.

गुंडीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अडीच वाजले होते. लंबूची बस साडेपाचची होती.

तो परगावी शिकत होता, घरी यायचा तो फक्त हिवाळ्याच्या सुट्टीत. तीन वर्षांपूर्वी वाचनालयात दोघांना एकच पुस्तक हवं होतं, तिथून सुरुवात. तेव्हापासून तीन हिवाळे. वाचनालयाच्या पायऱ्या, तळ्याकाठची वाट, हातमोज्यांतून धरलेले हात. सगळ्या सुट्ट्या एकत्र धरल्या तरी दोन महिने भरत नव्हते. यंदा तर त्याला सुट्टी लागण्याआधीचे चारच दिवस मिळाले. दूरच्या एका रंगाच्या कारखान्यात त्याला दोन वर्षं शिकायला जायचं होतं, आणि तिथे सुट्टी नव्हती. परवा त्याने विचारलं, "दोन वर्षं थांबशील?" ती म्हणाली, "स्वेटर द्यायला येईन तेव्हा सांगते." तो म्हणाला, "फोनवर सांगू नकोस हं. आली नाहीस तर मी समजून घेईन." हे तो इतक्या साधेपणाने म्हणाला की तिला रडूच आलं.

हो म्हणणं तिला अवघड नव्हतं. पण त्या हो-मुळे बाबा तिच्याशीही सहा वर्षं बोलले नाहीत तर? ही भीती तिला परवापासून कुरतडत होती.

"गुंडे," आजोबा म्हणाले, "बोल."

"तो मला आवडतो," गुंडी म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "तीन वर्षं झाली. या बाह्या त्याच्या आहेत. पाठ आणि पुढचा भाग माझ्या कपाटात आहे. साडेपाचला त्याची बस आहे, आणि मला तो स्वेटर त्याला द्यायचाय."

रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

"आणि माझ्या बाह्या?" बाबांनी विचारलं.

"एक अर्धी झालीय."

"अर्धी."

"कोपरापर्यंत."

गुंडीला वाटलं होतं, बाबा ओरडतील. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. बाबा खुर्चीत बसले, त्यांनी दोन्ही लांब बाह्या छातीवर गुंडाळून घेतल्या आणि म्हणाले, "हा स्वेटर माझा आहे. जोडून माझ्या अंगात आलाय. मी काढणार नाही."

"दादा, लहान मुलासारखं काय करतोस?"

"तू गप गं. तूच जोडलास."

"बरोबर आहे यांचं," आई म्हणाली. तिने ट्रे आपटूनच ठेवला. "तीन वर्षं! मी रोज हिची वेणी घालते, आणि मला पत्ता नाही. मला सांगायला काय झालं होतं तुला?"

"कसं सांगणार, आई? या घरात त्यांचं नाव तरी चालतं का?"

आईने कप सरळ केले, ते सरळच होते. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "काकूशी मी बोलते."

"कोणती काकू?" बाबांनी विचारलं.

"लंबूची आई. दर मंगळवारी. भाजी आणायला मला दोन तास का लागतात असं वाटतं तुम्हाला?"

बाबांच्या बाह्या छातीवरून सुटल्या. "सहा वर्षं?"

"तुमचं भांडण होतं, अहो. माझं कुठे होतं? माझी मैत्रीण आहे ती."

"त्यांच्या घरातले सगळे कपडे मीच शिवते," आत्या घाईघाईने म्हणाली. अशी गोष्ट एकटीने मनात ठेवण्यापेक्षा दुसऱ्याच्या पाठोपाठ सांगून टाकलेली बरी, असा तिचा हिशेब असावा. "वहिनी मापं कळवते, मी बसने पाठवते."

बाबांनी आजोबांकडे पाहिलं. निदान वडील तरी आपल्या बाजूचे, अशी त्यांच्या डोळ्यांत आशा होती. गुंडीला ती दिसली आणि तिला त्यांची फार दया आली.

"मी गुरुवारी जातो," आजोबा म्हणाले. "बुद्धिबळ खेळायला. तो हरतो."

"अण्णा, तुम्हीसुद्धा!"

"आणि तू विचारलं नाहीस म्हणून मी सांगितलं नाही. तू अंगात घातलायस तो राखाडी कुणी रंगवलाय?"

बाबांनी खाली आपल्या छातीकडे पाहिलं.

"मागच्या वर्षीचा हिरवा?" आजोबा म्हणाले. "त्याच्या आधीचा तो तपकिरी, जो तू उन्हाळ्यातही घालत होतास? मी बाजारातून लोकर आणतो असं वाटत होतं तुला? असा रंग बाजारात मिळतो?"

आत्याने तोंडावर रुमाल धरला. आई हसायचं नाही असं ठरवून कपांकडे बघत राहिली, पण तिचे खांदे हलत होते. गुंडीलाही हसू आलं.

"म्हणजे भांडण मी एकटाच करतोय?" बाबांनी विचारलं.

"एकटाच," आई म्हणाली. "आम्ही तुमचा मान ठेवून चोरून जातो."

घड्याळात तीन वाजून गेले. गुंडी पुढे झाली, बाबांच्या खुर्चीपाशी खाली बसली. "तुमच्या बाह्या मी आधी पुऱ्या करायला हव्या होत्या," ती म्हणाली. "ते माझं चुकलं. पण तो मला खरंच आवडतो, बाबा. तुम्ही रागावलात तरी मी आज जाणारच आहे. फक्त तुम्ही रागावू नये असं मला फार वाटतं."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग उठले आणि दोन्ही हात वर केले. "काढा," ते म्हणाले.

आई आणि आत्या दोन्ही बाजूंनी ओढू लागल्या. स्वेटर वर सरकला, गळा हनुवटीशी अडला, चेहरा आत गेला. आणि तिथेच बाबांनी हात घट्ट केले.

"थांबा जरा," आतून आवाज आला.

"काय झालं? केस अडकले?"

"नळ मी सोडला होता."

आईचे हात थांबले.

"त्या निळ्या स्वेटरांच्या वेळी," लोकरीतून बाबा बोलत होते, आणि हात वर करून उभा असलेला तो बिनचेहऱ्याचा माणूस इतका विचित्र दिसत होता की कुणाला हसावं की काय करावं कळेना. "दुसऱ्या दिवशी माल द्यायचा होता. घाईत मी गरम पाण्याचा नळ सोडला. त्याच्या प्रत्येक लडीवर चिठ्ठी असते, गार पाण्यात धुवा. मला आठवडाभराने लक्षात आलं. त्याच्यावर तर मी चारचौघांत ओरडून मोकळा झालो होतो. म्हटलं, उद्या जाऊन सांगू. मग परवा. मग महिना झाला. महिन्यानंतर काय तोंड घेऊन जायचं? मी भांडत नाहीये गं त्याच्याशी. मला लाज वाटते."

गुंडीने आपल्या बाबांच्या लोंबणाऱ्या बाह्यांकडे पाहिलं. सहा वर्षं ज्याला ती राग समजत होती, तो राग नव्हताच. मग ती पुढे झाली आणि तिने स्वेटर हलकेच वर ओढला. बाबांचा चेहरा बाहेर आला, केस उभे, डोळे ओले.

"आता किती वाजले?" त्यांनी विचारलं.

"सव्वातीन."

"मग बघताय काय? बाह्या काढा. मी येतो बसथांब्यावर."

काढा म्हणणं सोपं होतं. आत्याच्या शिवणीचं टोक सापडेना. ती स्वतः वरून खालून, उजेडात धरून शोधत राहिली आणि स्वतःलाच शिव्या देत राहिली. कात्री लावली तर टाके सुटणार. शेवटी आजोबांनी स्वेटर मांडीवर घेतला, डोळे मिटले आणि काखेपाशी बोटाचं टोक फिरवत गेले. "हे बघ," ते म्हणाले. दोराचं एवढंसं टोक त्यांच्या नखाखाली होतं. त्यात पाऊण तास गेला.

मग गुंडीने कपाटातून धड आणलं. तिने खांदे चोरून घाईत जोडले होते. आत्याने ते एका नजरेत पाहिलं, "शी!" म्हणाली आणि उसवले. गुंडीने विरोध केला नाही. मोठ्या टेबलाभोवती सगळे बसले. आई आणि गुंडी खांदे आणि कुशी जोडत होत्या, आत्याने बाह्या घेतल्या, आजोबा सुया ओवून देत होते. बाबा त्यांच्या मूळ स्वेटरच्या बिनबाह्यांच्या धडात बसून लोकरीचे दोरे कापून देत होते आणि दर दोन मिनिटांनी वेळ सांगत होते. आईने शेवटी त्यांना दुसऱ्या खोलीत कोट शोधायला पाठवलं.

"गुंडे," आत्या सुई न थांबवता म्हणाली, "एक सांग. दहा महिने तू त्याला पाहिलं नव्हतंस. मग माप कुठून आणलंस?"

"आठवणीतून," गुंडी म्हणाली.

आत्याने आईकडे पाहिलं. आईने आपला चहाचा कप गुंडीपुढे सरकवला. गेल्या दोन तासांतला राग त्या कपाबरोबर संपला असावा, कारण त्यानंतर ती फक्त "टाका घट्ट ओढू नकोस" एवढंच म्हणाली.

पाच वाजता उजवी बाही लागली होती. डावी निम्मी. "चालता चालता शिवते," असं म्हणून आत्या सुईसकट उठली, आणि ती वरात निघाली. पुढे घड्याळ बघत बाबा, कोटातून त्यांचे बिनबाह्यांचे खांदे फुगलेले. मागे आजोबांचा हात धरून आई. मधे आत्या चालता चालता टाके घालतेय, आणि तिचा कोपर धरून गुंडी तिला खड्डे सांगतेय. थंडी नाकाला झोंबत होती. बाबा नेहमीच्या वळणाने जायला लागले, मग थांबले आणि रंगारीकाकांच्या गल्लीत शिरले. तो जवळचा रस्ता होता.

थांब्यावर बस उभी होती, इंजिन चालू. लंबू पायरीशी उभा होता, बॅग वर टाकलेली, नजर रस्त्याकडे. गुंडीला पाहिल्यावर त्याचा चेहरा उजळला. मग तिच्या मागून एकेक करत सगळं घर आलं, तसतसा तो उतरत गेला. शेजारी त्याचे आईवडील होते. बाबांना पाहताच रंगारीकाकांनी हात पाठीमागे बांधले.

"हात वर," आत्या लंबूला म्हणाली. बिचाऱ्याला काय चाललंय कळेना, पण त्याने हात वर केले. स्वेटर अंगात गेला. उजवी बाही बरोबर मनगटावर येऊन थांबली. डावी काखेत अजून उघडी होती. आत्याने त्याचा हात तसाच वर धरून ठेवला आणि शिवू लागली.

"बाई, गाडी सोडायचीय," ड्रायव्हर म्हणाला.

"मग सोडा की. मी पण येते. चौदा टाके राहिलेत."

ड्रायव्हरने हताशपणे इंजिन बंद केलं. खिडक्यांतून माना बाहेर आल्या.

"आलीस," लंबू गुंडीला हळूच म्हणाला, एक हात आकाशात. "मग?"

गुंडी उत्तर द्यायला गेली, पण त्याच वेळी बाबा काकांसमोर जाऊन उभे राहिले होते. तिचं आणि त्याचंही लक्ष तिकडे गेलं. बाबांनी घसा खाकरला. कोटाचं बटण लावलं, काढलं. सगळी बस बघत होती. पन्नाशीच्या माणसाला एक वाक्य बोलता येत नाही, हे बघून गुंडीचा जीव कासावीस झाला.

"नळ गरम होता," बाबा एकदाचे म्हणाले. "मीच सोडला. तुझा रंग चांगला होता. मी रस्त्यात ओरडलो, म्हणून रस्त्यातच सांगतोय. माझं चुकलं."

"माहितीय मला," काका म्हणाले.

"काय माहितीय?"

"त्याच दिवशी कळलं होतं. तू स्वेटर माझ्या तोंडावर फेकलास ना, तो मी हातात धरला. लोकर आटली होती. रंग कच्चा असता तर रंग गेला असता, लोकर कशाला आटेल?"

"मग बोलला का नाहीस?"

"तू ओरडत होतास. म्हटलं, शांत झाला की येईल."

"अरे, सहा वर्षं झाली!"

"दर वर्षी वाटायचं, यंदा येशील." काकांनी पाठीमागचे हात सोडले. "सुट्टी लागली की बायको म्हणायची, जोडणीला येईल बोलावणं. मी रोज दाढी करून बसायचो."

बाबांनी काकांचा खांदा धरला आणि दोघे तसेच उभे राहिले, काय करायचं ते न सुचून. आई आणि काकू एकमेकींकडे बघून डोळे पुसत होत्या, आणि दोघींना मंगळवारी बोलायला वर्षभराचा विषय मिळाला होता.

"झालं!" आत्याने दोरा दाताने तोडला. ड्रायव्हरने लगेच इंजिन सुरू केलं. लंबूला कुणीतरी आत ओढलं, दार लागलं, आणि तो धडपडत मागच्या खिडकीशी आला.

बस हलली. गुंडी तिच्याबरोबर चालू लागली, मग पळू लागली.

"थांबेन!" ती ओरडली. सगळ्या बसला ऐकू गेलं, दोन्ही घरांनाही गेलं, आणि तिला त्याचं काहीच वाटलं नाही. "दोन वर्षं थांबेन! पण एक अट आहे!"

"कसली?" तो अर्धा बाहेर वाकला.

"मनात काही आलं तर त्याच दिवशी सांगायचं! राग आला तरी, चूक झाली तरी! उद्यावर टाकायचं नाही!"

"बरं! मग आत्ताच सांगतो," लंबू ओरडला. बसने वळण घेतलं होतं, त्याला आणखी जोरात ओरडावं लागलं. "मला जायचं नाहीये!"

"मलाही तू जाऊ नयेस असंच वाटतंय!" गुंडी म्हणाली. ती रडत होती आणि हसतही होती. "जा आता!"